कासवाचे डोळे बाजूला, मग ते आपल्याकडे सरळ कसं बघतं?

पाणकावळा

मित्र परदेशी गेल्यामुळे त्याचं कासव सध्या माझ्याकडे मुक्कामाला आहे. रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, तळहाताएवढं. त्याला काम असं काहीच नसतं. दगडावर चढायचं, मान लांब करायची आणि दिव्याखाली पडून राहायचं. सध्या मलाही फारसं काम नाही, त्यामुळे मी त्याच्याकडे बघत बसतो.

बघता बघता एक गोष्ट खटकली. मान बाहेर असताना या प्राण्याला चेहराच नसतो, नुसत्या दोन बाजू असतात. एका डोळ्यात मी, दुसऱ्यात भिंत. पण हात जरा पुढे नेला की फुस्स करून डोकं आत जातं, आणि मग कवचाच्या फटीतून दोन्ही डोळे माझ्यावर रोखलेले. दार किलकिलं करून कोण आलंय ते बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखे.

आपल्याला शाळेत एक सोपी वाटणी शिकवलेली असते: शिकाऱ्याचे डोळे समोर, शिकार होणाऱ्याचे बाजूला. सशाला मान न वळवता जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतं, पण दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा भाग अगदी चिंचोळा. माणसाला आडवं १८० ते २०० अंश दिसतं आणि त्यातले सुमारे १२० अंश दोन्ही डोळ्यांना सामाईक. कासवाला आजवर सगळ्यांनी सशाच्या रांगेत बसवलं. डोळे बाजूला आहेत ना, मग झालं.

थोडं वाचल्यावर कळलं की या रांगेत एक गडबड आहे. डोळा हलवायला सहा स्नायू असतात. त्यातला एक म्हणजे वरचा तिरका स्नायू. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या) जोड्यांपैकी चौथी जोडी फक्त याच स्नायूसाठी राखीव असते, दुसरं काही काम करत नाही. सशासारख्या बाजूला डोळे असणाऱ्या सस्तन प्राण्यात हा स्नायू आखडला की डोळा नाकाकडे वळतो. माणसासारख्या समोर डोळे असणाऱ्यात उलट, कानाकडे वळतो. २०१३ साली अमेरिकेतल्या लाफायेत कॉलेजच्या गटाने स्लायडर कासवाच्या चौथ्या चेतेला विजेचे बारीक झटके देऊन डोळा कुठे जातो ते कॅमेऱ्याने मोजलं. डोळा बाहेर वळला, म्हणजे सशासारखा नाही, माणसासारखा!

डोळ्यांची जागा सशाची गोष्ट सांगते आणि त्यांना हलवणारी यंत्रणा, म्हणजे मेंदूची जोडणी, समोर बघणाऱ्या प्राण्याची. असं का असावं, याचं उत्तर मला माझ्या पाहुण्याच्या फटीत दिसतं. डोकं आत गेलं की कवच दोन्ही बाजूंना झापडं लावतं, घोड्याला लावतात तशी. बाजूचं जग संपतं आणि उरते ती पुढची खिडकी. अशा वेळी दोन्ही डोळे पुढे वळवता आले नाहीत तर प्राणी आंधळाच. म्हणून माझं मत असं की कासवाचा डोळा कवटीत कुठे बसवलाय एवढं बघून चालणार नाही. कवच कुठली खिडकी उघडी ठेवतं तेही बघायला हवं.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर कान धरावा.

उंबरठा

मस्त धागा. एक बाळबोध प्रश्न. डोळे बाजूला असले म्हणजे समोरचं अजिबात दिसत नाही असं थोडंच असतं? कोंबडी दाणा टिपते तो समोरचाच ना?

पाणकावळा

दिसतं की. प्रत्येक डोळ्याचं क्षेत्र नाकापुढे थोडं ओलांडून जातं, म्हणून पुढे एक सामाईक पाचर तयार होते. मुद्दा पाचर आहे की नाही हा नाही, ती किती रुंद आणि केव्हा रुंद, हा आहे. माझं कासव माशाच्या गोळीवर तोंड टाकताना आधी मान सरळ करून दोन्ही डोळ्यांनी नेम धरतं. बाजूने बघून कधीच चावा घेत नाही.

कासवांमध्येही सगळ्यांचं सारखं नसतं. स्नॅपिंग टर्टलचे डोळे मुस्काटाकडे सरकलेले असतात. मातामाता नावाचं दक्षिण अमेरिकेतलं कासव बघा, डोकं वाळक्या पानासारखं चपटं आणि टिकलीएवढे डोळे अगदी नाकाजवळ. ते भक्ष्याच्या मागे धावत नाही, जवळ आलेला मासा पाण्यासकट गिळतं.

निमूट

चौथी चेता म्हटल्यावर राहवलं नाही, कारण माझं रोजचं कामच डोळ्यांचं. माणसात ही चेता लुळी पडली की पेशंट ठरलेली तक्रार घेऊन येतो: जिना उतरताना पायऱ्या दोन दोन दिसतात. वाचतानाही त्रास. आणि मान एका खांद्याकडे कलती ठेवून बसलेला असतो, कारण तसं केलं की दोन चित्रं जुळतात. घरच्यांना वाटतं मानेत उसण भरलीय.

दुसरी गंमत. माणसाचा हा स्नायू सरळ जात नाही, तो खोबणीच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या कप्पीतून वळसा घेऊन डोळ्याला जोडलेला असतो. चेतेचं इंग्रजी नाव ट्रॉक्लिअर, ते या कप्पीवरूनच. ही कप्पी सस्तन प्राण्यांची चैन आहे. कासवाकडे ती नाही, त्याचा स्नायू खोबणीच्या पुढच्या भिंतीकडून थेट डोळ्याकडे येतो. तरीही परिणाम आपल्यासारखा यावा हे मला जास्त विलक्षण वाटतं. वाट वेगळी, मुक्काम तोच.

दगडफूल

@निमूट, पण मग "मेंदूची जोडणी" कुठे आली यात? स्नायू कसा ओढतो हा तर दोरी-खुंटीचा मामला झाला.

निमूट

रास्त शंका. जोडणी अशी येते. तुमचं डोकं डावीकडे वळलं की डोळे आपोआप तेवढेच उजवीकडे जातात, नाहीतर चालताना सगळं जग हललेल्या फोटोसारखं दिसेल. हे काम कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या करतात. डोकं कुठे वळतंय ते त्या मेंदूला सांगतात, आणि मेंदू योग्य स्नायूला हुकूम सोडतो. नळ्या कवटीत पक्क्या बसलेल्या. डोळा मात्र उत्क्रांतीत बाजूकडून समोर किंवा समोरून बाजूला सरकू शकतो. तो सरकला की जुना हुकूम चुकीच्या स्नायूला जाणार, म्हणून तारा बदलाव्या लागतात.

कासवात चौथ्या चेतेच्या पेशी आडव्या वळण्याला, म्हणजे डोकं डावी-उजवीकडे फिरवण्याला चांगलाच प्रतिसाद देतात, असं आधी दिसलं होतं. बाजूला डोळे असलेल्या प्राण्यात या पेशींकडून ती अपेक्षा नव्हती. झटक्यांचा प्रयोग त्यातूनच निघाला. म्हणजे हुकूम आणि ओढ दोन्ही एकमेकांना जुळतात.

शेवाळ

तारा बदलण्याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण म्हणजे चपटे मासे. पिल्लू असताना त्यांचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. मग एक डोळा कवटी ओलांडून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मासा आयुष्यभर एका कुशीवर पडून राहतो. कानातल्या नळ्या मात्र होत्या तिथेच. शरीर ९० अंशांत कललं, नळ्या कलल्या, पण डोळ्यांना आता वेगळ्या दिशेने हलायचंय. १९८० च्या दशकात दाखवलं गेलं की आडव्या नळीकडून येणाऱ्या तारा या माशांत उभ्या हालचाली करणाऱ्या स्नायूंच्या पेशींपर्यंत जातात. एकाच प्राण्याच्या एकाच आयुष्यात डोळा हलतो आणि जोडणीही त्याच्या मागे जाते. कासवाचं प्रकरण त्यापुढे सौम्यच.

खडूस

धागा वाचनीय आहे, पण पाणकावळा यांनी शेवटच्या परिच्छेदात उडी मारलीय. डोळा बाहेर वळतो हे मोजलेलं आहे. तो कवचामुळे वळतो ही गोष्ट आहे, आणि चांगली गोष्ट खरी असतेच असं नाही. समुद्री कासवांना डोकं आत घेता येत नाही. तुमची खिडकी तिथे नाहीच. मग त्यांचं काय? शिवाय काही कासवं डोकं सरळ मागे न ओढता मान आडवी दुमडून कवचाच्या कडेखाली ठेवतात. त्यांचा एक डोळा पूर्ण झाकला जातो. तिथे दोन डोळ्यांनी पुढे बघण्याचा प्रश्नच येत नाही. खिडकीचं म्हणणं खरं ठरवायचं तर या तिघांची तुलना करायला हवी. एका जातीवरून अख्ख्या कुळाचा पंचनामा होत नाही.

पाणकावळा

कान धरा म्हटलं आणि तुम्ही पिरगाळला की! मान्य. कवचाचा मुद्दा अंदाज म्हणूनच वाचावा. पण आडव्या मानेच्या कासवांचं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत, मला ते माझ्या बाजूचं वाटतं. खिडकी वेगळी असेल तर जोडणीही वेगळी निघायला हवी, हेच तर मी म्हणतोय. तपासता येईल असं विधान आहे, नुसती गोष्ट नाही.

खडूस

हं. तपासता येण्यासारखं आहे एवढं मान्य. खरं मान्य नाही.

चांदणवेल

समुद्री कासवांचा विषय निघालाच आहे तर सांगते. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि तडक समुद्राकडे निघतात. त्यांना समुद्र "दिसतो" असं नाही. ती क्षितिजालगतच्या सगळ्यात उजळ दिशेकडे जातात आणि मागच्या उंच काळ्या सावल्यांपासून लांब. बघण्याचा पट्टा आडवा खूप रुंद आणि उभा अगदी बुटका असतो, त्यामुळे डोक्यावरचा चंद्र त्यांना फारसा फसवत नाही. किनाऱ्यावरचे दिवे मात्र फसवतात, कारण ते नेमके त्या बुटक्या पट्ट्यात येतात.

आता डोळे बाजूला असण्याचा संबंध. पिल्लाचा एक डोळा झाकला तर ते सरळ जात नाही, उघड्या डोळ्याच्या बाजूला गोल गोल फिरत राहतं. म्हणजे दोन डोळ्यांत येणारा उजेड तराजूच्या दोन पारड्यांसारखा तोलला जातो आणि काटा मध्ये आला की ते सरळ चालतं. डोळे दोन कडांना आहेत म्हणूनच ही युक्ती जमते. आपल्यासारखे दोन्ही डोळे समोर असते तर पारड्यांत फरकच पडला नसता.

मोठ्या माद्यांवरचा प्रयोगही छान आहे. १९६७ मध्ये आर्ची कार आणि डेव्हिड एरनफेल्ड यांचं काम प्रसिद्ध झालं. अंडी घालून परत निघालेल्या हिरव्या कासवांना त्यांनी चक्क चष्मे घातले होते, काहींचे डोळे झाकणारे, काहींचे रंगीत काचांचे. दोन्ही डोळे झाकले की एवढा अवजड प्राणीही वाट चुकायचा. हा प्रयोग मला नेहमी डोळ्यासमोर येतो, शंभर किलोहून जड प्राण्याला चष्मा घालायला रात्री किनाऱ्यावर धडपडणारे दोन शास्त्रज्ञ.

उंबरठा

चष्मा! पण कासवाला जमिनीवर नीट दिसतं का मुळात?

चांदणवेल

समुद्री कासवाला पाण्यात स्वच्छ दिसतं. हवेत ते चांगलंच लघुदृष्टीचं होतं, लांबचं धूसर. पाण्यात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा बाक जवळजवळ निकामी होतो, त्यामुळे सगळी भिस्त आतल्या गोलसर भिंगावर. तेच भिंग घेऊन हवेत आलं की ताकद जास्त होते. किनारा शोधायला मात्र स्वच्छ दिसावं लागत नाही, उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं पुरे.

नदी-तळ्यातल्या कासवांनी यावर तोड काढलीय. डोळ्यातले स्नायू भिंगाला कडेने आवळतात, इतके की त्याचा पुढचा भाग बाहुलीतून फुगून पुढे येतो. पाणी आणि हवा दोन्हीकडे कामचलाऊ नजर. स्लायडर याच गटातलं.

दगडफूल

अवांतर: अंडी घालताना समुद्री कासव रडतं ते प्रसूतीच्या कळांमुळे नाही. डोळ्याजवळच्या ग्रंथी शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. लेदरबॅक कासवात ही एकेक ग्रंथी मेंदूपेक्षा मोठी असते. नजरेपेक्षा मिठाला जास्त जागा.

कागदी नाव

चेतांच्या जोडणीची चर्चा न्यूटनशिवाय पुरी होत नाही. हो, तोच. १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स'च्या शेवटी प्रश्नांची यादी आहे, त्यातला पंधरावा प्रश्न याचाच. त्याने लिहिलं की जे प्राणी दोन्ही डोळ्यांनी एकाच दिशेला बघतात, माणूस, कुत्रा, मेंढी, बैल, त्यांच्या डोळ्यांच्या चेता मेंदूत शिरण्याआधी एकत्र येतात. आणि जे तसं बघत नाहीत, मासे, सरडगुहिरा, त्यांच्या येत नाहीत. शरीररचनेचे तपशील पुढे सुधारले गेले, पण नियमाचा गाभा टिकला: जेवढं सामाईक क्षेत्र मोठं, तेवढे चेतांचे जास्त धागे ओलांडून न जाता आपल्याच बाजूच्या मेंदूत जातात. माणसात सुमारे ४५ टक्के धागे आपल्याच बाजूला राहतात. उंदरात जेमतेम ३ ते ५ टक्के. कासवाचेही बहुतेक धागे पलीकडे जातात, थोडे आपल्या बाजूला.

मग येतं घुबड आणि सगळा नियम मोडतं. डोळे आपल्यासारखे समोर, दोन डोळ्यांनी खोली मोजतं, पण सगळे धागे पलीकडे! १९७० च्या दशकात जॅक पेटिग्र्यू आणि कोनिशी यांनी दाखवलं की घुबडात धाग्यांची दुसरी ओलांड मेंदूच्या आत होते. तिथे दोन डोळ्यांची माहिती पुन्हा एकत्र येते. म्हणजे मेंदूत शिरण्याआधी चेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्या चौकात गाठ पडली नाही तर पुढच्या गल्लीत पडते. म्हणून मी फक्त चौक बघून निकाल देणाऱ्यांवर विश्वास ठेवत नाही. पाणकावळा यांच्या कासवाबाबतही तेच, डोळ्याची जागा म्हणजे फक्त चौक.

शेवाळ

@कागदी नाव, चौकातून गल्लीत, आता गल्लीतून घरात जाऊ. कासवाच्या मेंदूत नजरेची दोन ठिकाणं आहेत. एक मध्यमेंदूवरचं छप्पर, टेक्टम. ते मोठं, आणि तिथे दृष्टिपटलाचा नीट नकाशा असतो: शेजारचा बिंदू शेजारी. दुसरं म्हणजे पुढच्या मेंदूवरचं तीन थरांचं पातळ बाह्यक, म्हणजे मेंदूची वरची साल. आपल्या सहा थरांच्या बाह्यकाचं धाकटं भावंड म्हणून त्यावर फार अभ्यास होतो. कासवाची मेंदूपेशी प्राणवायूविना खूप तग धरते, त्यामुळे डोळ्यासकट मेंदू बाहेर काढून तासन्‌तास नोंदी घेता येतात.

या बाह्यकात आपल्यासारखा नकाशा नाही. २०१८ मध्ये गिल लोराँ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की एकेक पेशी जवळजवळ अख्ख्या दृश्यक्षेत्राला प्रतिसाद देते. कुठे काय हललं ही माहिती कुठल्या एका ठिकाणी नसते, बऱ्याच पेशींच्या एकत्रित वागण्यात पसरलेली असते.

निमूट

म्हणजे टेक्टम "कुठे" सांगतो, आणि बाह्यक "अरे, काहीतरी झालं!" सांगतं?

शेवाळ

इतकं सोपं करू नका, पण चहाच्या टपरीवर सांगायला चालेल.

चांदणवेल

रंगांबद्दल दोन ओळी, कारण कोणीच बोललं नाही. स्लायडरला आपल्यापेक्षा एक रंगग्राहक जास्त, अतिनील धरून चार. १९८७ मध्ये शिकवलेल्या कासवांवर हे तपासलं गेलं. त्यांच्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींत लाल, नारिंगी, पिवळे, रंगहीन असे तेलाचे थेंब असतात, प्रत्येक पेशीला जणू स्वतःची रंगीत काच. पक्ष्यांतही असेच थेंब असतात, आणि त्यातला लाल रंग बनवणारा जनुक दोघांत एकच आहे. चष्मे घालणारे शास्त्रज्ञ उगाच धडपडले, कासवाकडे घरचेच होते.

खडूस

पाणकावळा, तुमच्याकडे कासव आहे, मग गप्पा कसल्या मारताय. एक प्रयोग करा. केनेथ ब्राउन यांनी १९६९ मध्ये लिहिलंय की स्लायडरच्या दृष्टिपटलावर दाट पेशींची एक आडवी पट्टी असते, आणि डोकं वर-खाली झालं तरी डोळा फिरून ती पट्टी क्षितिजाला समांतर ठेवतो, अंधारातसुद्धा. तोल सांभाळणाऱ्या अवयवाकडून हुकूम येतो. बघा तुमच्या पाहुण्याला जमतं का. छळू नका मात्र.

पाणकावळा

केला! छळ केला नाही. त्याने स्वतःच काचेवर पुढचे पाय टेकून नाक वर केलं, मी फक्त फोन घेऊन बाजूला बसलो.

याच्या बुबुळावर बाहुलीतून आरपार जाणारी काळी आडवी रेघ असते, त्यामुळे मोजायला काही लागतच नाही. डोकं जवळजवळ ४५ अंश वर होतं. रेघ मात्र पाण्याच्या पातळीशी समांतर, थोडीशी मागे पडलेली. घड्याळ तिरकं केलं तरी काटा जागचा न हलावा तसं. मग ते घसरलं, डोकं खाली आलं आणि डोळा उलटा फिरला. आधी इतके दिवस बघत होतो, पण ही रेघ आहे हेच लक्षात आलं नव्हतं.

आणि खडूस, दुसरं एक दिसलं. डोकं आत घेतल्यावर फोन फटीसमोर धरला. दोन्ही रेघा आडव्याच होत्या, पण दोन्ही बाहुल्या नाकाकडे सरकलेल्या. मान पुन्हा बाहेर आल्यावर दोन्ही आपापल्या बाजूला. सात वेळा तेच झालं. आठव्यांदा त्याने फोनला चावा घेतला, समोरून, दोन्ही डोळ्यांनी नेम धरून.

खडूस

एका कासवाचे सात वेळा. ठीक आहे, निदान आता गोष्टीत आकडा आला. मित्राला आडव्या मानेचंही एक पाळायला सांगा.